चिंचोक्यांनी मोजलेला वर्ग

बोरजाईवाडीच्या शाळेत कस्तुरी मगदूम रुजू झाली त्याला सात वर्षं झाली होती, तरी गावात तिचं नाव 'सांगलीच्या बाई' असंच होतं. माहेर आणि सासर दोन्ही सांगलीकडचं. नवरा भरतेश कुपवाडच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर कामाला, मुलगी उत्कर्षा आठवीत, तिच्या आजीजवळ. नेमणूक मात्र सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या या दोन खोल्यांच्या शाळेत. आठवडाभर लोणंदला भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारच्या गाडीनं सांगली गाठायची.

लोणंद हे कांद्याचं गाव. बाजाराच्या दिवशी वारा फिरला की वास थेट खोलीत. आणि कस्तुरी जैन घरातली. चातुर्मासात तिच्या ताटात कांदा-लसूण चालत नसे. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या अंबूबाईंना याची फार गंमत वाटायची. फोडणीत लसूण पडायच्या आधी त्या बाईंची वाटी बाजूला काढून ठेवत आणि न चुकता म्हणत, "कांद्याच्या गावात ऱ्हायचं आन् कांदा खायाचा न्हाई, म्हंजी नदीत हुबं ऱ्हाऊन कोरडं ऱ्हायल्यावानी की वं बाई!"

गाडीतले जाण्यायेण्याचे आठ-नऊ तास फुकट जातात याची कस्तुरीला चुटपुट लागून राहायची. म्हणून तिनं समाजशास्त्राच्या एमएला बाहेरून नाव घातलं. पहिलं वर्ष खिडकीशेजारी बसून वाचण्यावर निघालं. दुसऱ्या वर्षी मात्र 'सामाजिक संशोधन पद्धती' हा विषय आला आणि त्यात एक प्रकल्प करायचा होता. रविवारचे तास घेणारे जिनदत्त उपाध्ये सर म्हणाले, "विषय आपल्या पायाखालचा घ्या. लांबचा घेतला की नुसती पुस्तकं उतरून काढाल."

कस्तुरीला विषय शोधावा लागलाच नाही. चौथीच्या वर्गाला ती परिसर अभ्यास शिकवायची आणि मन लावून शिकवायची. तिच्या कपाटात भिंगं होती, चुंबक होते, रिकाम्या बाटल्यांचा पर्जन्यमापक होता. तालुक्याचे साहेब येऊन 'उत्कृष्ट' असा शेरा लिहून गेले होते. तेव्हा विषय ठरला: 'प्राथमिक शाळेतील विज्ञान अध्यापन आणि मुलांची जिज्ञासा'. मनातून तिला वाटत होतं की या निमित्तानं आपल्या कामाला एक पक्की पावतीच मिळेल.

तिनं वीस प्रश्नांची प्रश्नावली केली. उत्तरं 'होय' किंवा 'नाही'. तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर बेचाळीस घरी बेचाळीस कागद गेले आणि दोन दिवसांत झाडून सगळे परत आले. कस्तुरी हरखली. रविवारी तिनं तो गठ्ठा सरांच्या पुढ्यात ठेवला.

सरांनी सावकाश चाळला. एक कागद, दुसरा, तिसरा. मग चष्मा वर सरकवून म्हणाले, "बाई, तुमच्या तासाला मुलं भरपूर प्रश्न विचारतात. तास मुलांना फार आवडतो. आणि तास मुलांना कंटाळवाणा वाटतो."

"म्हणजे?"

"म्हणजे बेचाळीस पालकांचं या तिन्ही गोष्टींवर एकमत आहे. हा बघा चौदावा प्रश्न. 'तास कंटाळवाणा वाटतो का?' होय. होय. होय. सगळीकडे होय."

कस्तुरीनं गठ्ठा ओढून घेतला. खरंच की. शिवाय आता तिला आणखी एक गोष्ट दिसली. निम्म्या कागदांवरच्या बरोबरच्या खुणेला एक लांब शेपूट होतं, वळून परत वर गेलेलं. ते शेपूट ती रोज वहीत पाहत होती. ते चौथीतल्या राजनंदिनीचं होतं.

सोमवारी तिनं राजनंदिनीला जवळ बोलावलं. पोरगी जराही घाबरली नाही. "मी एकोनीस भरले, बाई. समदी म्हनली तुझं अक्षर चांगलं हाय."

"पण सगळ्याला होयच का लिहिलंस गं?"

"मानसिंग आबांनी सांगितलं व्हतं. आन् न्हाई लिवलं आसतं तर तुमाला वाईट वाटलं आसतं."

मानसिंग आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. कस्तुरी संध्याकाळी त्यांच्या दारात गेली. आबांनी खुर्ची पुसून दिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, वरनं काय रिपोर्ट आला का?"

"कुठून वरनं?"

"आवं त्ये कागद. पट कमी हाय म्हनून शाळा बंद करायचा डाव आसनार, ह्ये मी वळखलं. ऑर्डर काढली लगीच, समद्यांनी समद्याला होय म्हनायचं. एक बी न्हाई जाता कामा नये. गेला का एखादा?"

"नाही गेला, आबा," कस्तुरी म्हणाली. तिला हसावं की रडावं कळेना. गावानं तिच्यासाठी जीव टाकला होता आणि प्रकल्पाचं पार मातेरं झालं होतं.

हा सगळा प्रकार ऐकून जिनदत्त सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे टाकून देऊ नका, जसं घडलं तसं लिहा. लोक कागदाला उत्तर देत नाहीत, कागद कोणाकडून आला त्याला देतात. आता विचारणं थांबवा आणि बघा. तुमच्या तासाला मुलं खरोखर किती प्रश्न विचारतात ते मोजा."

"मी शिकवता शिकवता कसं मोजू?"

"तुम्ही मोजायचंच नाही. आपल्या लेकराची उंची आपण मोजायला लागलो की त्यानं टाच उचललेली आपल्याला दिसत नाही. मोजणारं माणूस असं हवं, की ते तिथं असलेलं मुलांना वेगळं वाटणार नाही. आणि कुठल्या दिवशी मोजतंय ते तुम्हालाही कळता कामा नये. नाहीतर त्या दिवशी तुम्ही वेगळंच शिकवाल."

परतीच्या गाडीत कस्तुरी विचार करत राहिली. मुख्याध्यापक ऑनलाइन माहिती भरण्यातून मान वर काढत नव्हते. तिसरं कोण? कराड मागं पडलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं चौथीच्या वर्गाची मागची खिडकी आली. खिडकीपलीकडं स्वयंपाकाची शेड, आणि शेडमध्ये चौदा वर्षं तांदूळ निवडत, डाळ धूत बसलेल्या अंबूबाई.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिनं अंबूबाईंना काम समजावलं. त्या चौथी शिकलेल्या होत्या. मुलगा सैन्यात, सून शिरवळच्या कंपनीत. घरी बसवत नाही म्हणून त्या शाळेत. ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "लिवायचं काम सांगू न्हका. माजं हात वल्लं आसत्यात. चिंचोकं टाकते. तुमच्या सवालाचा एक डबा, पोरांच्या सवालाचा एक डबा."

"चालेल की."

"थांबा. 'बाई, पानी प्यायला जाऊ का' ह्यो सवाल धरायचा का?"

कस्तुरी थबकली. पुस्तकात संकल्पनेची व्याख्या यावर एक आख्खं प्रकरण होतं आणि तिनं ते पाठ केलं होतं. पण ही अडचण तिच्या डोक्यात आली नव्हती. "नको. त्याला तिसरा डबा करू."

"आन् तुमचं 'समजलं का'?"

"माझं काय?"

"आवं, दर दोन वाक्याला तुमी 'समजलं का' म्हनता. पोरं 'हो' म्हनत्यात. त्येला चौथा डबा लागंल, आन् मोठा लागंल."

आपण असं म्हणतो हे कस्तुरीला माहीतच नव्हतं. त्या दिवशी तासाला उभी राहिल्यावर तिनं ते तोंडातून जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि पहिल्या पाच मिनिटांत तीनदा गेलं.

तेलाचे रिकामे डबे घासून पुसून खिडकीखाली मांडले गेले. तीन आठवडे गेले. कस्तुरी सुरुवातीला खिडकीकडं चोरून बघायची, पुढं विसरली. आणि भाद्रपदातल्या एका दुपारी शाळा सुटल्यावर अंबूबाई चारही डबे पदराखाली घेऊन व्हरांड्यात आल्या. "सा दिस झाले मोजून. बसा."

दोघींनी फरशीवर चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावले. बाईंचे प्रश्न, एकशे सत्त्याऐंशी. 'समजलं का', दोनशे तेरा. पाणी, लघवी, शिसपेन्सिलला टोक, अठ्ठेचाळीस. शेवटी पोरांच्या सवालांचा डबा अंबूबाईंनी उपडा केला तेव्हा त्यातून चार चिंचोके पडले.

कस्तुरीनं डबा हातात घेऊन आत बघितलं.

"चारच हायती," अंबूबाई म्हणाल्या. "तीन राजनंदिनीचं. एक आमच्या आबांच्या नातवाचं, शंभूराजचं. त्येनं इचारलं, लोहचुंबकाचं दोन तुकडं केलं तर जोर निम्मा हुतोय का? तुमी म्हनलासा, नंतर सांगते."

"मग?"

"मंग काय न्हाई. तास संपला."

सहा दिवसांत चार. ज्या वर्गाला 'उत्कृष्ट' मिळालं होतं त्या वर्गात. कस्तुरीनं पर्स उचलली आणि लोणंदची वडापची जीप गाठली. दुसऱ्या दिवशी तिनं खिचडीची वाटी वर्गातच मागवली. तिसऱ्या दिवशीही. अंबूबाईंशी बोलायला जीभच रेटेना. सात वर्षं घसा कोरडा करून आपण काय केलं, तर मुलांना 'हो' म्हणायला शिकवलं!

तिसऱ्या दिवशी वाटी घेऊन अंबूबाई स्वतः आल्या. वाटी टेबलावर ठेवून दारातच उभ्या राहिल्या. "राग आला व्हय, बाई? म्या चार-सा जादा टाकाया पायजे व्हते का?"

त्यांचा चेहरा इतका काळजीचा होता की कस्तुरीला आपलीच लाज वाटली. आपण दोन दिवस रुसलो. आणखी चार दिवस रुसलो तर ही बाईसुद्धा उद्यापासून सगळ्याला होय म्हणायला लागेल. ती उठली, अंबूबाईंचा हात धरून त्यांना आत घेऊन आली आणि खुर्चीवर बसवलं. "नाही मावशी. तुम्ही बरोबर टाकलेत. एक जरी जास्त टाकला असता तरी माझं वाटोळं झालं असतं."

"मंग जेवा आता."

कस्तुरी जेवली. अंबूबाई बसून राहिल्या आणि जरा वेळानं म्हणाल्या, "मला बी एक सवाल हाय. कवापासनं इचारीन म्हनते, पर तुमी कामात. आपल्या बोअरच्या पान्यात डाळ का शिजत न्हाई? घंटा-घंटा रटरटतीया आन् दाना आपला टनक. तीच डाळ घरी आडाच्या पान्यात टाकली की मऊ."

"त्याचं काय आहे मावशी, बोअरच्या पाण्यात क्षार..." एवढं बोलून कस्तुरीनं जीभ चावली. मग म्हणाली, "उद्या हेच वर्गात येऊन विचारा. मला नको, पोरांना विचारा."

दुसऱ्या दिवशी अंबूबाई मूठभर तूरडाळ घेऊन फळ्यापुढं उभ्या राहिल्या. आधी लाजल्या, मग घडाघडा बोलल्या. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मुलांना इतक्या वर्षांत कोणी स्वतःला खरोखर न कळलेली गोष्ट विचारली नव्हती. मग मागून कोणीतरी म्हणालं, "डाळच जुनी आसंल." दुसरा म्हणाला, "गॅस बारीक ठेवत आसंल आज्जी." अंबूबाई कडाडल्या, "बारीक कशाला ठेवू रं? मला घरी जायाचं नसतंय व्हय?" वर्ग खदाखदा हसला आणि त्या हसण्यात सगळ्यांची तोंडं सुटली.

कस्तुरी खिडकीत जाऊन बसली. गप्प बसणं तिला आयुष्यात इतकं जड गेलं नव्हतं. चार वेळा उत्तर ओठावर आलं. शेवटी शंभूराजच उठला. "बाई, तीन भांडी घ्यायची. एकात बोअरचं पानी, एकात आडाचं, एकात पत्र्यावरनं बादलीत पडलेलं पावसाचं. डाळ त्याच पोत्यातली."

"आन् भांडी सारखी," राजनंदिनी म्हणाली. "न्हाईतर भांड्यामुळं झालं म्हनतील."

"आणि गॅस?" एवढंच कस्तुरीनं विचारलं.

"एकाच शेगडीवर, एकापाठोपाठ एक. आच तेवढीच. घड्याळ लावून."

ही पोरं दहा वर्षांची होती. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या तशाच ठेवायच्या, हे कस्तुरीला एमएच्या दुसऱ्या वर्षी कळायला लागलं होतं.

शुक्रवारी प्रयोग झाला. डाळ मोजून घेतली. दर पाच मिनिटांनी पाच दाणे काढायचे, बोटात चुरडून बघायचे आणि किती चुरडले ते फळ्यावर लिहायचं, असं ठरलं. वीरधवल नावाचा मुलगा कधी तोंडातून शब्द काढायचा नाही. त्याच्याकडं घड्याळ दिलं तर तो सुभेदारासारखा ओरडायला लागला. पावसाच्या पाण्यातली डाळ अर्ध्या तासात मऊ झाली, आडाच्या पाण्यातली पंधरा मिनिटं उशिरा. बोअरच्या पाण्यातली सव्वा तासानंतरही दातात कचकचत होती. तिन्ही भांडी पालथी घातली तेव्हा बोअरच्या भांड्याला आतून पांढरी कड धरलेली दिसली.

"ही कड कुठनं आली?" वीरधवलनं विचारलं.

"पान्यातनं."

"पानी तर स्वच्छ दिसतंय. मंग पान्यात कुठं व्हती?"

"आमच्या घरच्या हीटरला बी आशीच धरतीया!"

"मंग आपल्या पोटात बी धरती का?"

त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडलंच नाही. विरघळणं, आटणं, क्षार, सगळं मुलांच्या प्रश्नांच्या मागोमाग आलं. जे तिला येत नव्हतं ते 'मला माहीत नाही, शोधू' असं कस्तुरीनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं. आणि सोमवारपासून अंबूबाई आडाचं पाणी आणायला लागल्या. पोरंच आळीपाळीनं कळशी धरू लागली. खिचडी घंटेच्या आधी तयार.

सगळे दिवस असे गेले नाहीत. कधी मुलं नुसताच कालवा करत, कधी अभ्यासक्रम मागं पडे आणि कस्तुरी पुन्हा एकटीच बोलत सुटे. चुंबकाचे दोन तुकडे करून बघायला तिनं शंभूराजला हातोडी दिली तर त्यानं चुंबकाबरोबर फरशीही फोडली. मुख्याध्यापक चार दिवस तोंड पाडून होते. मानसिंग आबांना तिनं समितीच्या बैठकीत नीट सांगितलं की कागद सरकारचा नव्हता, माझ्या अभ्यासाचा होता. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आदी सांगायचं न्हाई व्हय, मॅडम! खरं सांगू मंग? शंभू घरात म्हनायचा, बाई चांगल्या हायत, पर लय बोलत्यात." कस्तुरीनं ते त्यांच्यादेखत वहीत लिहून घेतलं.

जानेवारीत पुन्हा सहा दिवस मोजणी झाली. या खेपेला दोन दिवस तिनं आपल्या टेबलावर मोबाइलही ठेवला, मोजणी पडताळायला. पहिल्या दिवशी आकडा जुळला. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मुलांचे चौदा प्रश्न ऐकू आले आणि डब्यात पंधरा चिंचोके. कस्तुरीनं ते तीनदा ऐकलं. शेवटी अंबूबाईच म्हणाल्या, "आवं, वीरधवलनं खिडकीत त्वांड घालून मलाच इचारला की! वाफ वर का जाती म्हनून. त्यो बी पोराचाच सवाल न्हवं?" मुलांचे मिळून एकाहत्तर झाले होते, बाईंचे त्र्याण्णव. 'समजलं का' अजून साठ होते.

तोंडी परीक्षा मे महिन्यात सांगलीत होती. अहवालात अंबूबाईंचं नाव होतं म्हणून कस्तुरीनं त्यांना बरोबर चला म्हटलं. त्यांनी सुनेचं इस्त्रीचं लुगडं नेसलं आणि गाडीत खिडकीची जागा धरली. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. रेश्मा शिंदे कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. त्यांनी बिघडलेल्या प्रश्नावलीचं प्रकरण मात्र हसत हसत वाचलं होतं. मग पानं उलटत त्यांनी एकेक खोड काढली. एकच वर्ग, तोही स्वतःचा, यावरून बाकीच्या शाळांबद्दल काय सांगणार?

"काहीच नाही सांगता येणार, मॅडम," कस्तुरी म्हणाली. "फक्त कसं मोजता येतं ते सांगता येईल."

"आणि मोजणाऱ्या बाई चौथी शिकलेल्या. भरवसा कशावर ठेवायचा?"

"त्या बाहेरच बसल्यात."

परीक्षकांनी भुवई उंचावली आणि शिपायाला खूण केली. अंबूबाई आत आल्या, नमस्कार करून खुर्चीच्या टोकावर टेकल्या.

"मावशी, मोजताना एखादा चिंचोका चुकून पडलाच नसेल कशावरून?"

"पडला आसंल की," अंबूबाई म्हणाल्या. "फोडनीच्या नादात दोन-चार इकडंतिकडं झालं आसतील. पर चाराचं एकाहत्तर हुईत न्हाईत."

डॉ. शिंदे जिनदत्त सरांकडं बघून म्हणाल्या, "हे समजावायला मी दोन तास घेते हो." मग कस्तुरीकडं वळून त्यांनी आणखी अर्धा तास तिला पिळून काढलं, आणि शेवटी अहवाल मिटून दोन्ही हातांनी परत दिला. "छापण्यासारखं आहे. निष्कर्ष थोडे आटोपते घ्या आणि पाठवा."

भरतेश कारखान्यातून सुट्टी काढून फाटकाशी उभा होता. कस्तुरीचा चेहरा बघूनच त्यानं गाडीला किक मारली. मागून रिक्षात दोघी. घरी सासूबाईंनी जैनांच्या रिवाजाप्रमाणे उजेड आहे तोवर ताटं वाढली होती. भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. उत्कर्षा अंबूबाईंच्या शेजारी येऊन बसली आणि पहिल्या घासालाच तिनं विचारलं, "आजी, तुमची सगळी खिचडी शाळेतली मुलंच संपवतात का?"

"न्हाई बाय, निम्मी गुरुजीच खात्यात," अंबूबाई म्हणाल्या आणि सासूबाईंकडं वळून त्यांनी उसळीत काय काय घातलंय याची बारीक चौकशी सुरू केली. भरतेशला जोराचा ठसका लागला. कस्तुरीनं हसता हसता तांब्या त्याच्यापुढं सरकवला आणि स्वतःच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली.